आपोआप उघडणारे दरवाजे

शाहू स्टेडियमच्या फाटकाला कुलूप लागलं की कोल्हापुरात फुटबॉलचा खरा हंगाम सुरू होतो. त्याआधीचे पाच-सहा महिने चाललेला असतो तो नुसता खेळ. बावीस पोरं पळतात आणि बाकीचं गाव गॅलरीत बसून त्यांना कसं पळायचं ते सांगतं. वळवाचे दोन दणके बसले, कॉर्नरच्या झेंड्यापाशी तळं साचलं आणि शेवटचा चषक कुणाच्या तरी तालमीच्या कपाटात जाऊन बसला, की खेळाडूंचं काम संपतं आणि जाणकारांचं लागतं.

आमचे जाणकार गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर भरतात. दिवेलागणीनंतर तिथं म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळता ग्लास तसाच कोमट हातात येतो. ही सोय मुळात पैलवानांची. आता पैलवान कमी झाले, म्हशी तेवढ्याच राहिल्या, म्हणून उरलेलं दूध आम्ही पितो. पैलवानांच्या ते अंगी लागायचं, आमच्या डोक्यात जातं. ओठावर फेसाची पांढरी मिशी असलेल्या माणसाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही, असा कट्ट्याचा रिवाज आहे. त्यामुळं मुरलेले जाणकार तोंड पुसतच नाहीत.

आमच्या तालमीचं नाव मी सांगणार नाही. मला रोज सकाळी त्याच गल्लीतून पाव आणायला जायचं असतं.

बाहेरच्या माणसाला मुळात ‘तालीम’ या शब्दापाशीच ठेच लागते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशी नावं वाचून त्याला वाटतं, आता दोन पैलवान येतील आणि शड्डू ठोकतील. त्याचं चुकत नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांतून तालमी घुमायला लागल्या. पुढं त्याच तालमींतल्या पोरांना फुटबॉलचा नाद लागला. लंगोटावर हाफ पँट चढली, नाव मात्र कुणी बदललं नाही. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम हे फुटबॉल संघाचं नाव आहे, यावर माझ्या पुण्याच्या साडूचा अजून विश्वास बसलेला नाही. तो म्हणतो, यात उत्तरेश्वर आहे, प्रसाद आहे, वाघ आहे, फुटबॉल कुठं आहे? त्याला एकदा स्टेडियमवर आणलं पाहिजे. कुस्तीतली एक गोष्ट मात्र आम्ही फुटबॉलमध्ये जशीच्या तशी आणली. सामना बरोबरीत सुटला तरी घरी जाईपर्यंत कोण चितपट झालं ते ठरलेलंच असतं.

वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये संघ सोळा. आम्ही कितवे आलो हे विचारू नका. वरून मोजायला लागलात तर वेळ जाईल. लीग संपली की चषक लागतात, आणि चषकांना बहुधा नेत्यांची नावं असतात. निवडणूक जवळ आली की चषकाची उंची वाढते. दोन वर्षांपूर्वीचा एक चषक एवढा उंच होता की जिंकणाऱ्यांनी तो तालमीच्या दारातून आत कसा नेला हे मला अजून समजलेलं नाही. आमच्यावर ती अडचण कधी आली नाही.

तर या हंगामानंतरची पहिली बैठक. मास्तर होते. मास्तर महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि आता गोलफरक काढण्यात उरलेलं आयुष्य घालवतात. वस्ताद होते. चामड्याच्या बॉलला बाहेरून लेस असायची त्या काळात वस्ताद फुलबॅक खेळले आणि हेडर मारताना ती लेस कपाळावर उमटायची, हे ते वर्षातून अकरा वेळा सांगतात. दूधवाले मामा होते. मामांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण चर्चा लांबली की दुसरा ग्लास जातो, एवढं त्यांना कळतं. आणि मी. मी लिहितो, म्हणून मला बोलावतात. बोलू देत नाहीत.

नेमका त्याच वेळी माझ्या पुतण्याचा फोन आला. तो टेक्सासला शिकतो. बोलणं लाउडस्पीकरवर होतं, कारण कट्ट्यावर खाजगी असं काही नसतं. ‘‘काका, आमच्या कॉलेजचा बेसबॉलचा सीझन संपला,’’ तो रडवेल्या आवाजात म्हणाला. त्यांच्याकडं म्हणे फेब्रुवारीत खेळ लागतो, मे अखेरीला देशभरातले चौसष्ट संघ निवडतात, आणि त्यातून गाळून राहिलेले आठ जूनमध्ये ओमाहा नावाच्या गावाला जातात. १९५० पासून शेवटच्या लढती तिथंच होतात. म्हणजे त्यांची खासबागच. पुतण्याचं कॉलेज ओमाहाला पोचलं नव्हतं. आणि आता म्हणे सगळे मिळून संघाला काय कमी आहे याचा हिशेब मांडत बसलेत. त्यांना एक डावखुरा पिचर पाहिजे, शेवटी शेवटी येऊन सामना वाचवणारा.

‘‘आम्हाला सुरुवातीपासून वाचवणारा पायजे,’’ वस्ताद फोनवर ओणवून म्हणाले.

मास्तरांनी बारीकसारीक चौकशी केली. बेसबॉल म्हणजे विटीऐवजी बॉल आणि दांडूला पॉलिश, इथवर त्यांना समजलं. मग पुतण्यानं सहज सांगितलं की त्यांच्या धावफलकावर शेवटी तीन रकाने असतात. धावा, फटके आणि चुका.

‘‘चुका?’’

‘‘हो ना. कुणाच्या हातातून सोपा बॉल सुटला किंवा कुणी भलतीकडं फेकला, तर ती चूक त्याच्या नावावर लिहितात. सगळ्यांना दिसेल अशी. वर्षाअखेरीला त्याची बेरीजही होते.’’

कट्टा गप्प झाला. एक म्हैस तेवढी फुरफुरली. चुका फळ्यावर लिहितात! आमच्याकडं चुका गॅलरीतून ओरडून सांगतात, त्याही आईबहिणीच्या संदर्भासहित, पण लिहून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मास्तरांचे डोळे ओले झाले. चाळीस वर्षं लाल शाईनं चुका काढलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी ते महाद्वार रोडवरून दोनशे पानी वही घेऊन आले. पुठ्ठ्यावर ‘चुकांची वही’ असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात ‘श्री अंबाबाई प्रसन्न’.

मग आम्ही हंगामातला एकेक गोल आठवून लिहायला बसलो. पहिला गोल. लांबून साधा घरंगळत आलेला बॉल, आमच्या गोलकिपरनं दोन्ही हातांनी धरला, धरला, धरला, आणि मागं बघितलं तर जाळीत. मास्तरांनी पेन उघडलं.

‘‘थांबा,’’ वस्ताद म्हणाले. ‘‘त्याच्या नावावर नगा लिहू. त्याच्या आज्ज्यानं तालमीच्या जागेची कोर्टात पंधरा वर्सं केस चालवलीया. फुकट.’’

गोल बरोबर होता. म्हणजे मुद्दा. मास्तरांनी खोडलं. मग चूक कुणाची? बॅकपास देणाऱ्या स्टॉपरची. त्याच्या नावानं लिहायला गेले तर दूधवाले मामा धार सोडून उठले. स्टॉपर त्यांच्या मेहुणीचा मुलगा निघाला. मामांना फुटबॉल कळत नसलं तरी मेहुणी कळते. मग राइट बॅक. राइट बॅकच्या काकांनी यंदाच्या जर्सी दिल्या होत्या आणि जर्सीच्या पाठीवर, नंबरापेक्षा मोठ्या अक्षरांत, त्यांच्या हॉटेलचं नाव होतं. पुढच्या वर्षीही जर्सी लागणार.

अशा तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी वहीत एकूण चुका पडल्या सात. त्यांतल्या तीन पंचांच्या, दोन मैदानाच्या, एक उन्हाची आणि एक अशा मुलाची, ज्याचं कुटुंब मागच्याच महिन्यात पेठ सोडून इचलकरंजीला गेलं होतं. त्याच्या खात्यावर मग उरलेलं सगळं चढवलं. वहीत बघितलं तर ते एकटं पोरगं साऱ्या हंगामात आमच्या विरोधात खेळलं, असंच वाटेल.

टेक्सासच्या लोकांना हे जमतं, कारण त्यांचा पिचर दुसऱ्या राज्यातून आलेला असतो, चार वर्षं राहतो आणि निघून जातो. त्याची आत्या त्यांच्या समोरच्या वाड्यात राहत नाही. गॅलरीतून ज्याला मी बैल म्हणतो, त्याच्या बहिणीच्या साखरपुड्यात दुसऱ्या दिवशी मला जिलेबी वाढायची असते.

तरी फळीवार मूल्यमापन झालंच, नावं न घेता. बचावफळीबद्दल वस्तादांनी जे सांगितलं ते मला वर्षभरातलं सर्वांत अचूक फुटबॉलविवेचन वाटतं. ‘‘आपला डिफेन्स राधानगरीचा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘सात स्वयंचलित दरवाजे. पाण्याचा दाब वाढला की कुणी हात बी लावायला नगं. आपोआप उघडत्यात.’’ यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांनी तो गोल आठवला, जेव्हा समोरून एकच फॉरवर्ड आला आणि आमच्या चौघांनी त्याला अदबीनं वाट दिली. फरक एवढाच की राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी उतरलं की मिटतात.

मधली फळी आम्ही यंदा पाच जणांची केली होती. ती प्रयाग चिखलीचा संगम निघाली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त. आमचा पाचवा नव्वद मिनिटं गुप्तच असायचा. तो मैदानावर आहे याचा पुरावा सामना संपल्यावर मिळायचा, केळी वाटताना.

आघाडीबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही. ती असती तर बोललो असतो.

लेफ्ट आउट मात्र होता आमच्याकडं एक काटाकिर्र. मिरजकर तिकटीच्या गर्दीतून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल काढायचा, त्यामुळं चार बचावपटू म्हणजे त्याला मोकळा रस्ता. पहाटे दूध घालायचं, दुपारी खेळायचं. त्याला लीगच्या मध्यातच पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. आता तो चाकणला रात्रपाळी करतो आणि रविवारी झोपतो. संघाची गरज काय, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा वस्तादांनी दूध संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, ‘‘कोल्हापुरात एक नोकरी.’’ मास्तरांनी वहीच्या मागच्या पानावर ‘गरजा’ असं लिहून खाली एक आकडा घातला आणि पुढची जागा कोरी ठेवली. नोकरी हे खेळाडूचं नाव नव्हतं.

कट्ट्यावर अशा वेळी कुणीतरी अनिकेत जाधवचं नाव काढतंच. कोल्हापूरचं पोरगं, २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलं. त्या स्पर्धेपासून आमच्या पेठेतली प्रत्येक आई फुटलेल्या खिडकीची काच भरून देताना शेजारणीला ऐकवते, ‘‘तो पण लहानपणी असाच होता, वैनी.’’ तो लहान वयात पुण्याला क्रीडाप्रबोधिनीत गेला, घर सोडून राहिला, हे सोयीनं विसरलं जातं. आमच्या गोलकिपरलाही एकदा निवड चाचणीला पुण्याला धाडलं होतं. तो स्टँडपर्यंत गेला, गाडीला वेळ होता म्हणून मिसळ खायला बसला, आणि गाडी गेली. कट मात्र भारी होता, असं आल्यावर सांगत होता.

बाहेरून खेळाडू आणायचा विषय तिसऱ्या ग्लासाला निघतो. गेली काही वर्षं इथल्या तालमींतून नायजेरियासारख्या देशांतले खेळाडूही खेळून गेलेत. शेजारच्या पेठेत आला होता एक. पहिल्या दिवशी मिसळीच्या पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्या आठवड्यात तो वाटी पुढं करून ‘‘भावा, कट’’ म्हणत होता आणि चौथ्या आठवड्यात त्यानं आम्हाला दोन गोल घातले. तेव्हापासून आमचा ठराव पक्का की आपणही एक परदेशी आणायचा. तालमीची पेटी उघडून पैसे मोजले. तेवढ्या पैशात येणारा सर्वांत लांबचा परदेशी निपाणीचा निघाला. तर मास्तर उसळून उभे राहिले, निपाणी परकी कशी? बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही गावं एका दमात म्हणून झाली, आणि चर्चा सीमाप्रश्नावर गेली ती दीड तास परत आलीच नाही. मामांचे सहा ग्लास गेले.

पुतण्यानं फोनवर आणखी एक सांगितलं होतं. २०१८ पासून त्यांच्याकडं कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची एक नोंदवही असते, पोर्टल म्हणतात. पोरानं तिच्यात नाव घातलं की बाकीची कॉलेजं त्याच्याशी बोलू शकतात. सगळं उघड. आमच्याकडं पोर्टल एका पानपट्टीवर आहे. नव्या हंगामाची नोंदणी जवळ आली की दुसऱ्या तालमीचा माणूस तिथं उभा राहतो, आपल्या पोराला मसाला पान चारतो आणि पोरगं फुटतं. फुटलेला खेळाडू परत फुटू नये म्हणून नोंदणीच्या दिवसापर्यंत त्याला लपवून ठेवावं लागतं. राजकारणातली माणसं आमदारांना गुवाहाटीला नेतात. आम्हाला पन्हाळा परवडतो. तिथंही एका वर्षी पोरगं रात्री झुणका-भाकर खाऊन, पहाटेच्या एस.टी.नं उतरून थेट पलीकडच्या तालमीत हजर झालं. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

शेवटी मागच्या पानावर गरजांची यादी झाली ती अशी: नोकरीची कोरी जागा, एक गोलकिपर, तीन बचावपटू, मैदानावर दिसणारा एक हाफ, आणि गोल मारणारा कुणीही. म्हणजे संघात ठेवण्याजोगा उरला एक पाण्याच्या बाटल्या आणणारा. मग यादीतल्या एकेका जागेसमोर कुणाला वगळायचं ते लिहायचं ठरलं, आणि तिथं पुन्हा आज्जा, मेहुणी, जर्सी सुरू झाली. रात्री साडेअकराला मास्तरांनी नवा संघ वाचून दाखवला. तोच होता. फक्त राइट बॅक लेफ्ट बॅक झाला होता, काकांना विचारून.

तोवर जुलै लागला. आणि कोल्हापुरात जुलै लागला की फुटबॉलचं कुणी काढत नाही. सगळं गाव राजाराम बंधाऱ्याकडं तोंड करून बसतं. नदीचं पाणी एकोणचाळीस फुटांना गेलं की इशारा, त्रेचाळीसला धोका. तासातासाला आकडे येतात, आणि जे लोक गोलफरक मोजायचे ते आता इंच मोजतात. ‘‘पस्तीस सात.’’ ‘‘छत्तीस दोन.’’ राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला, अशी बातमी आली तेव्हा वस्ताद सवयीनं ‘‘ऑफसाइड हुता’’ म्हणाले. २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितलेलं गाव आहे, त्यामुळं बेचाळीसला कुणी विनोद करत नाही.

सुतारवाड्यात शिरल्यावर पाणी आमच्या खालच्या गल्लीतही आलं. तालमीच्या पोरांनी सांगायची वाट बघितली नाही. कमरेएवढ्या पाण्यात साखळी केली. पहिल्या मजल्यावरून माणसं सामान खाली सोडायची, एक पोरगं झेलायचं आणि पुढच्याकडं द्यायचं. झेलायला उभा होता आमचा गोलकिपर. वरून पिठाचा डबा आला, धरला. शिलाई मशीन आली, छातीवर घेतली. देव्हारा आला, एका हातानं, कारण दुसऱ्या हातात कुणाची तरी शेळी होती. शेवटी एक म्हातारी स्वतःच उतरायला लागली आणि शिडीवरून पाय सटकला. तिलाही त्यानं असं अलगद धरलं की तिच्या हातातला कपबशीचा सेट सुद्धा वाजला नाही. त्या संपूर्ण दुपारी त्याच्या हातून एक वस्तू सुटली नाही. राइट बॅक, स्टॉपर, गुप्त सरस्वती, सगळे आपापल्या जागी उभे होते आणि एकमेकांना न ओरडता पास देत होते.

आम्ही तिघं वरच्या अंगाला, कोरड्या पायरीवर उभे होतो. वस्ताद म्हणाले, ‘‘पोरगं चांगलं हाय ओ.’’ मास्तरांनी चष्मा पुसला.

सगळं सामान निघालं. मग तिसऱ्या घराच्या खिडकीतून एक शाळकरी पोरगं डोकावलं आणि ओरडलं, ‘‘दादा, ह्यो राहिला!’’ आणि त्यानं आपला फुटबॉल खाली टाकला. अगदी सावकाश, सरळ, छातीच्या उंचीला.

गोलकिपरनं दोन्ही हात पुढं केले. धरला, धरला, धरला, आणि बॉल त्याच्या कोपराखालून निसटून पाण्यात पडला. तिथनं तो हळूहळू स्टॉपरच्या बाजूनं गेला, राइट बॅकच्या समोरून गेला, दोघांनीही त्याला वाट दिली, आणि गल्लीच्या तोंडाशी एक गिरकी घेऊन नदीच्या दिशेला लागला.

मास्तरांचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडं गेला. वही तालमीच्या खालच्या कपाटात होती, आणि तालमीत तेव्हा चार फूट पाणी होतं.